दोन यमुना आणि सांगणारा कोण?

मराठी कादंबरीच्या इतिहासात यमुना या नावाच्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. पहिली १८५७ साली बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या ग्रंथात अवतरली. दुसरी १८९० पासून हरि नारायण आपटे यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात आठवड्यामागून आठवडा प्रकट होत गेली आणि १८९३ साली 'पण लक्षात कोण घेतो?' या नावाने ग्रंथरूप झाली. दोघींना समजूतदार पती लाभले, दोघींवर अकाली वैधव्य आले आणि दोघींच्या कथांवर केशवपनाच्या रूढीची काळी सावली पडलेली आहे. दोन्ही लेखक तळमळीचे सुधारक होते. असे असता पहिली यमुना आज वाङ्मयेतिहासाच्या परीक्षेपुरती उरली आहे आणि दुसरीसाठी वाचकांच्या चार पिढ्यांनी डोळे पुसले. हे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कथेच्या विषयात सापडत नाही, कारण विषय एकच आहे. ते कथा कोण सांगत आहे यात सापडते.

हा प्रश्न विद्वानांपुरता आहे असे वाचकांनी समजू नये. निबंधस्पर्धांचे व शालेय परीक्षांचे कागद तपासण्याचे काम आमच्याकडे अनेकदा येते. त्यांत जवळजवळ प्रत्येक उत्तर 'लेखक म्हणतो' या दोन शब्दांनी सुरू होते. खलपुरुषाचे वाक्य असो, वेड्या म्हातारीचे असो की निरागस बालकाचे असो, विद्यार्थ्यांच्या लेखी ते सारे लेखकच म्हणत असतो. मोठी माणसेही याहून फार वेगळे वाचतात असे नाही. कथेतील एखादे पात्र देवाधर्माविषयी वावगे बोलले की लेखकाच्या नावाने निषेधाचे पत्र निघते. बोलणारा कोण, त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि काय ठाऊक असूनही तो सांगत नाही, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कथा वाचणे म्हणजे साक्षीदाराकडे न पाहता साक्ष लिहून घेणे होय.

आपल्याकडे ही सवय उशिरा लागली, याला कारण आहे. छापील कादंबरी येण्यापूर्वी मराठी माणसाची कथा ऐकण्याची रीत निराळी होती. कीर्तनकार समोर उभा असे. त्याचा पूर्वरंग कोणता आणि आख्यान कोणते हे श्रोत्याला कळत असे. तो राजाचा आवाज काढी, राणीचा काढी आणि मधेच थांबून स्वतःच्या आवाजात दोन शब्द सुनावी. सांगणारा डोळ्यांना दिसत असल्यामुळे तो कोण हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुराणांतही कोणी विचारतो व कोणी सांगतो अशी चौकट आधीच घातलेली असते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात हीच चौकट स्वीकारली. पाद्री गुरू सांगत आहे, श्रोते शंका विचारीत आहेत, असा तो थाट आहे. साष्टीच्या श्रोत्याला सांगणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे हे त्या परदेशी मिशनऱ्याने ओळखले होते.

छापखाना आला आणि सांगणारा दिसेनासा झाला. कागदावर नुसता आवाज उरला.

खरे तर मराठी भाषा या बाबतीत फार जागरूक आहे. 'तो मुंबईला गेला' आणि 'तो मुंबईला गेला म्हणे' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! त्या एका 'म्हणे'ने सांगणारा आपले अंग काढून घेतो. मी पाहिले नाही, ऐकले आहे, असे तो बजावतो. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद तसाच. 'आपण' म्हणताच ऐकणारा सोबत घेतला जातो, 'आम्ही' म्हणताच तो उंबऱ्याबाहेर राहतो. (हा लेखही 'आम्ही' या आवाजात लिहिलेला आहे. हे 'आम्ही' कोण, हे वाचकांनी अवश्य विचारावे.) खेड्यातली आजी बातमी सांगताना हे सारे भेद बिनचूक पाळते. पुस्तक हाती धरताच मात्र तेच कान आपण बंद का करतो, हे आम्हांस कोडे आहे.

आता पहिल्या यमुनेकडे वळू. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मोल्सवर्थच्या प्रचंड शब्दकोशाचे संक्षिप्त रूप तयार करणारा हा मनुष्य भाषेचा पक्का जाणकार होता. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी 'यमुनापर्यटन' बाहेर पडले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा आपला हेतू ग्रंथाच्या पूर्ण नावातच त्यांनी सांगून टाकला आहे. हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या यात्रेकरूची कथा १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणली होती, पण तो अनुवाद होता. स्वतःच्या समाजाचे दुःख घेऊन रचलेली गद्य कथा पदमनजींची पहिली.

यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या हकिकती कानी पडतात, त्यांवर चर्चा होते. पुढे विनायकाचा अंत होतो, यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. कथा तृतीयपुरुषात आहे. सांगणाऱ्याला सर्व काही ठाऊक आहे. समीक्षक ज्याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात तो हाच. कोणाच्या मनात काय चालले आहे, कोणाचे चूक, कोणाचे बरोबर आणि या सर्वांतून वाचकाने कोणता बोध घ्यावा, हे तो जाणतो व सांगतोही.

त्याच्या कळकळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. ज्या काळात विधवेचे दुःख हा उच्चारण्याचाही विषय नव्हता, त्या काळात एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने ते गावोगावी फिरून दाखवल्यासारखे मांडले. त्या हकिकतींतील तपशील आजही अंगावर येतात. पण हकिकत संपते न संपते तोच अर्थ सांगण्याची घाई होते. वाचकाने उसासा टाकण्याच्या आतच निवेदक त्याच्या उसाशाचे स्पष्टीकरण करतो. आम्ही व्यासपीठावरून बोलणारी माणसे. हा मोह आम्हांस चांगला परिचयाचा आहे. दाखला सांगून झाला की त्यापुढे अर्धा तास त्याचा अर्थ सांगितल्याखेरीज आमचे समाधान होत नाही, आणि त्या अर्ध्या तासात भाविकांच्या मनात उगवलेला अर्थ कोमेजून जातो. म्हणून पदमनजींच्या निवेदकाकडे बोट दाखवताना आमचा हात जरा अडखळतो.

या सर्वज्ञ निवेदकाने आणखी एक गोष्ट केली. यमुना विधवांकडे पाहत राहिली आणि वाचक यमुनेकडे पाहत राहिला. ती आपल्याला बाहेरून दिसते. ती चांगली आहे, शहाणी आहे, श्रद्धाळू आहे, हे आपल्याला सांगण्यात येते. तिच्या डोळ्यांच्या मागे जाऊन आपण क्षणभरही बसत नाही.

मधल्या तीस वर्षांत मराठी कादंबरी दुसऱ्याच वाटेने गेली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. राजपुत्र, सुंदरी, कपटी प्रधान, अद्भुत योगायोग. तिथेही सांगणारा सर्वज्ञच आहे, पण त्याला समाजाचे काही देणेघेणे नाही. त्या वाटेवर फार वेळ रेंगाळण्याचे कारण नाही.

हरिभाऊ आपटे यांनी 'करमणूक' सुरू केले ते १८९० साली. तो काळ नीट ध्यानात घेतल्याशिवाय त्यांनी काय केले हे कळणार नाही. रखमाबाईंचा खटला नुकताच होऊन गेला होता. बालपणी झालेला विवाह आपणास मान्य नाही, असे न्यायालयात सांगणाऱ्या या स्त्रीने १८८५ मध्ये इंग्रजी वृत्तपत्रात 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने पत्रे लिहिली होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत उघडले होते. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ पासून कोरडे ओढीत होता. आणि संमतिवयाच्या विधेयकावरून सारे पुणे पेटले होते. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करावे एवढीच त्या विधेयकाची मागणी, पण तीवरून टिळक एका बाजूला, आगरकर, रानडे, भांडारकर दुसऱ्या बाजूला, असा रणसंग्राम माजला. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. त्या वादात शास्त्री बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले, संपादक बोलले. ज्या मुलींविषयी हे बोलणे चालले होते त्यांतील एखादीच बोलली, तीही नाव झाकून.

नेमक्या त्या महिन्यांत 'करमणुकी'च्या पानांवरून एक मुलगी 'मी' म्हणून बोलू लागली. कायद्याची बाजू घेऊन नव्हे, कोणाला उत्तर म्हणूनही नव्हे. आपले बालपण, आपला दादा, आपले आईवडील, आपले लग्न, आपले सासर, असे ती सांगत गेली. पंचविशी उलटलेल्या हरिभाऊंनी स्वतः मागे सरून ही जागा तिला दिली.

या 'मी'चे सामर्थ्य कशात आहे ते जरा थांबून पाहू. पहिली गोष्ट म्हणजे यमूला सर्व काही ठाऊक नाही. वडिलांचा दरारा आणि आईचे सोसणे ही आरंभीच्या भागात लहान मुलीच्या नजरेतून येतात. मुलगी जे पाहते ते सांगते. तिला भीती कळते, भीतीचे मूळ कळत नाही. आई गप्प राहिली एवढे ती पाहते. त्या गप्प राहण्यात किती वर्षे साठलेली आहेत याचा हिशेब तिच्याजवळ नाही. तो वाचकाने करावयाचा असतो. शंकरमामंजी या नातलगाचे सोवळेओवळे, त्यांचा धार्मिकतेचा देखावा घरातली माणसे ज्या आदराने पाहतात त्या आदरासकट तो आपल्यासमोर येतो. वाचकाला मात्र त्यांच्या बोलण्याचालण्यातून लवकरच वास येऊ लागतो. 'हा मनुष्य ढोंगी आहे' असे निवेदकाने सांगितले असते तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. ते आपणच ओळखले, म्हणून ते आपले झाले आणि म्हणून त्या माणसाचा आपल्याला खरा राग येतो.

याला अनुमान म्हणतात. तर्कशास्त्राच्या तासाला सेमिनरीत आम्हांला धूर आणि अग्नी यांचे उदाहरण शिकवले होते. धूर दिसतो, अग्नी दिसत नाही, पण तो आहे हे आपण जाणतो. कथेतही निवेदक धूर दाखवतो. अग्नीकडे बोट दाखवणारा निवेदक फार तर चांगला शिक्षक ठरेल.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. या कादंबरीत एक यमुना नाही, दोन आहेत. एक अनुभव घेणारी मुलगी आणि एक लिहिणारी विधवा. लिहिणारीला पुढे काय होणार हे ठाऊक आहे, अनुभवणारीला नाही. रघुनाथराव हा सालस, सुशिक्षित पती. त्याच्यासोबत मुंबईस बिऱ्हाड करून राहिलेली वर्षे ही तिच्या आयुष्यातील सुखाची. ती सुखाने सांगते. त्या सुखाच्या वर्णनावर मागे वळून पाहणाऱ्या स्त्रीची छाया पडलेली असते आणि वाचक धास्तावतो. एक अनुमान तर यमुना स्वतः कधी तक्रारीच्या सुरात मांडीत नाही, पण आम्हांस तेच या कादंबरीचे मर्म वाटते. तिचे सारे सुख एका पुरुषाच्या चांगुलपणावर उभे होते. लिहिणेवाचणे त्याच्यामुळे, मान त्याच्यामुळे, मोकळा श्वास त्याच्यामुळे. तो गेला आणि काहीही उरले नाही. नवरा वाईट असता तर वाचकाने नवऱ्याला दोष देऊन पुस्तक मिटले असते. हरिभाऊंनी नवरा चांगला दिला आणि दोष ठेवण्याची जागा शोधायला वाचकाला भाग पाडले.

तिसरी गोष्ट अशी की, ज्या बैठकीत तिच्या जन्माचे निर्णय होतात तिथे यमुना नसते. माजघरातील स्त्रीला ओटीवरचे शब्द अर्धेमुर्धे ऐकू येतात. सर्वज्ञ निवेदक आपल्याला ओटीवर नेऊन बसवतो. यमुना आपल्याला माजघरात आपल्याजवळ बसवते, आणि मग तिच्याइतकेच असहाय होऊन आपणही कान देऊ लागतो. अखेर सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा वाचक प्रेक्षक राहिलेला नसतो, याचे कारण तीन वर्षे तो त्या माजघरात बसलेला असतो. तीन वर्षे हे शब्दशः खरे आहे. ही कथा साप्ताहिकातून तितका काळ चालली होती. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंतच्या सात दिवसांत घरोघरी किती अनुमाने बांधली गेली असतील!

येथे मराठीच्या व्याकरणाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजीतील 'मी' स्त्रीचा की पुरुषाचा हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत कळते. 'मी बसले', 'मी रडले', 'मी जाते', 'मी म्हणते'. (भूतकाळातील सकर्मक क्रियापद तेवढे कर्माच्या मागे जाते. 'मी पत्र लिहिले' यात लिहिणारा झाकला जातो.) म्हणजे हरिभाऊंना पानोपानी, ओळीओळीला स्त्रीच्या क्रियापदात लिहावे लागले. एखाद्या ओळीतही 'मी गेलो' असे निसटून चालणार नव्हते. पुरुषाने तीन वर्षे दर आठवड्याला अशा क्रियापदांत विचार करावा, याचा त्याच्या स्वतःवर काय परिणाम झाला असेल याचे आम्हांस कुतूहल वाटते. पुढे 'मी' याच नावाची त्यांची कादंबरी आली. तीत भावानंद नावाचा पुरुष आत्मकथन करतो. ती विचारांनी समृद्ध आहे, पण यमुनेच्या बोलण्यातील ओलावा तिला नाही.

दोष दाखवायचे तर तेही आहेत. हरिभाऊंचा पाल्हाळ प्रसिद्ध आहे. साप्ताहिकाची पाने भरायची असल्याने तो काही अंशी अपरिहार्य होता. याहून मोठा दोष असा की, मधूनमधून यमुनेच्या तोंडून सुधारक बोलू लागतो. वाक्ये एकदम लांबतात, युक्तिवाद शिस्तीत चालू लागतात, आणि पडद्यामागून पुणेरी पगडीचे टोक दिसते. चाणाक्ष वाचकाने ते ओळखावे. हीदेखील अनुमानाचीच एक कसोटी आहे. हा आवाज या मुलीचा आहे की हा लेखकाने तिच्याकडून उसना घेतला आहे?

आमच्या धर्मग्रामातील वाचकमंडळात ही कादंबरी वाचली गेली तेव्हा एका प्रौढ बाईंनी वेगळीच शंका काढली. पुस्तक पुरुषाने लिहिले आहे हे त्यांना शेवटी समजले आणि त्या काहीशा रागावल्या. "म्हणजे आमचं रडणंसुद्धा पुरुषांनीच लिहायचं का?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हरिभाऊंचा काशीबाई कानिटकरांशी भावाबहिणीसारखा स्नेह होता आणि काशीबाई स्वतः लेखिका होत्या. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालची, म्हणजे यमुनेच्या आधीची. स्त्रिया बोलत नव्हत्या असे नाही. त्यांचे बोलणे ऐकण्याची तयारी नव्हती. पुरुषाने स्त्रीच्या आवाजात सांगितले तेव्हा ते घरोघरी वाचले गेले. यात हरिभाऊंचा गौरव आहे आणि समाजाची नाचक्कीही आहे. आम्ही त्या बाईंना याहून बरे उत्तर देऊ शकलो नाही.

चाळीस वर्षांनी या प्रश्नाला उलटे वळण लागले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित राहिलेल्या मुलींची मने त्यात मोकळेपणाने बोलली होती. महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही विभावरी कोण, स्त्री की पुरुष, कोणत्या घरची, याचा शोध सुरू झाला. पुढे मालतीबाई बेडेकर हे नाव सर्वांना कळले. पण त्या गदारोळात वाचकांची जी चूक झाली ती आजही होते. सांगणारा कोण, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुस्तकातील आवाजात शोधायचे असते. त्यांनी ते पत्त्यात आणि आडनावात शोधले.

कोणीही 'मी' म्हणून बोलू लागला की तो लेखकच, असे मानण्याची खोड यातूनच येते. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हा किती जणांनी खुद्द नेमाडे समजून वाचला असेल याची गणती नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर नवखा आहे. त्याला जे कळत नाही त्यातच त्या पुस्तकाची अर्धी शोभा आहे. तो माडगूळकरांइतका जाणता असता तर वाडी इतकी जिवंत झाली नसती.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'विषयी (१९५९) मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण त्यात एकच घर तीन माणसे आळीपाळीने सांगतात. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही 'मी' म्हणतात, तिघेही मनापासून बोलतात आणि तिघांचे जुळत नाही. देवयानीचे ऐकताना ती बरोबर वाटते आणि शर्मिष्ठेचे ऐकताना आपण देवयानीवर विश्वास ठेवला याची लाज वाटते. ययाती आपल्या वासनेची कबुली देतो. पण कबुली देणारा सारेच सांगतो असे नव्हे. आमच्या धार्मिक परिभाषेत पापनिवेदन असा शब्द आहे. निवेदक आणि पापनिवेदन यांतील मूळ शब्द एकच. अनेक वर्षे निवेदने ऐकलेल्या कोणाही धर्मगुरूला ठाऊक असते की, मनुष्य स्वतःविषयी पूर्ण प्रामाणिकपणे बोलतानाही निवड करतो. कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणती ओझरती, कोणत्या गोष्टीला परिस्थितीचे कारण जोडायचे. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडली तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. ती कल्पना कळण्यासाठी ययातीचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले तरी पुरे. तो खोटे बोलत नाही. तो स्वतःला ज्या प्रकाशात उभा करतो त्या प्रकाशाकडे तेवढे पाहावे.

आता एक पुस्तक राहिले. ते कादंबरी नव्हे, तरी त्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, आणि ते आमच्या समाजाच्या अगदी जवळचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या घटनेचे वर्णन ख्रिस्ती लेखकांनी अनेकदा केले आहे. कवीच्या अंतःकरणातील संघर्ष, सत्याचा शोध, अखेर प्रकाश, अशी ती कथा सांगितली जाते, आणि टिळकांच्या बाजूने ती तशी आहेही. पदमनजींच्या सर्वज्ञ निवेदकाच्या हाती ती दिली असती तर त्याने ती अशीच सांगितली असती. 'स्मृतिचित्रां'त तीच घटना टाकून गेलेल्या नवऱ्याच्या बायकोच्या बाजूने येते. त्या वेळी लक्ष्मीबाई पतीजवळ नव्हत्या. बातमी त्यांना मागाहून कळली. पदरी लहान मूल, भोवती आप्तांचा आकांत, पुढे काय याचा पत्ता नाही. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे हे पुस्तक लिहिताना त्या ख्रिस्ती होऊन तीसहून अधिक वर्षे लोटली होती. त्यांना शेवट ठाऊक होता. त्या शेवटाचा उजेड मागे पाडून १८९५ सालची रात्र उजळून टाकणे त्यांना सहज शक्य होते. श्रद्धेच्या दृष्टीने ते कोणाला वावगेही वाटले नसते.

त्यांनी तसे केले नाही. त्या वेळच्या लक्ष्मीला जेवढे ठाऊक होते तेवढेच त्यांनी तिला बोलू दिले. त्या वेळचा राग, त्या वेळची सोवळ्याची समजूत, त्या वेळचा अडाणीपणा, सारे त्या वेळचेच ठेवले आणि वर स्वतःलाच हसल्या. टिळक थोर होते हे त्या जाणतात आणि त्यांच्यासोबत संसार करणे किती कठीण होते हेही लपवीत नाहीत. थोरपणा व तऱ्हेवाईकपणा यांतील सीमारेषा कुठे आहे, हे मात्र त्यांनी आखून दिलेले नाही. सेमिनरीत आम्ही हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा आमच्यातील काहींनी टिळकांची बाजू घेतली, काहींनी लक्ष्मीबाईंची, आणि जेवणघरात वाद होऊन पानावरची आमटी गार झाली. लेखिका काय म्हणते, असे त्या दिवशी कोणीही विचारले नाही.